यंत्र हाती आले, विवेक कुठे आहे?

वैरागच्या विहारात रविवारची वंदना संपली, की मोबाईल खिशातून बाहेर निघतात. हे वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, कारण इतरांच्या पत्रांत आपल्या दुःखाला जागा नव्हती. आज ती जागा प्रत्येकाच्या हातात आली आहे.

तिचे मोल खैरलांजीने दाखविले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावी भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक दिवस पुरेशी दखल घेतली नाही. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी गावात जाऊन सत्य शोधले आणि ते ई-मेल, इंटरनेटवरून सर्वत्र पोहोचविले. नोव्हेंबरमध्ये राज्यभर मोर्चे निघाले. आधी शोध, मग प्रचार, हा त्यांचा क्रम होता.

क्रम उलटला की काय होते, हे आपल्या सोलापूर जिल्ह्याने भोगले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. त्यांतील बहुतेक मंगळवेढा तालुक्याचे. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. शहानिशा कोणी केली नाही.

आम्हीही चुकलो आहोत. मुलांची शिष्यवृत्ती बंद झाल्याचा मजकूर आम्ही न तपासता सर्वांना धाडला. दुसऱ्या दिवशी एका माउलीने विचारले, “दादा, मग पोरीचा फॉर्म भरायचा नाही का?” आमची मान खाली गेली. तो फॉर्म राहिला असता तर दोष कोणाचा?

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून विश्वास ठेवू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. निवडणुकीच्या काळात हा उपदेश विशेष आठवावा. मजकूर कोणी लिहिला, कधीचा, कुठला, एवढे तरी विचारावे. आणि नुसता मजकूर पुढे ढकलणे म्हणजे लोकशाहीतला सहभाग नव्हे. त्याच मोबाईलवर मतदार यादी पाहता येते, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो.

उपासक-उपासिकांनो, येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबू या. घरातील प्रत्येकाचे नाव यादीत आहे का, ते तरुणांनी वडीलधाऱ्यांना दाखवावे. नाव नसेल तर अर्ज तिथेच भरावा. बाबासाहेबांनी मिळवून दिलेले एक मत आळसाने गमावू नये.

जयभीम!