निकाल चौथीत लागत नाही

अमेरिकेतील पब्लिक स्कूलांत मुले घातलेल्या मराठी आईबापांच्या बैठकीत एक समज इतक्या ठामपणे आणि इतक्या वारंवार कानी पडतो की, त्याचा सविस्तर परामर्श घेणे मला आता अगत्याचे वाटते. चौथीच्या सुमारास ज्या मुलाचे नाव प्रगत गणिताच्या यादीत लागले नाही, त्याला हायस्कुलात कॅल्क्युलस मिळणार नाही, आणि कॅल्क्युलस नाही म्हणजे चांगले विद्यापीठही नाही, असा तो समज.

हा समज सरसकट खरा नाही, आणि तो कागदावर सहज पडताळता येत असूनही सुशिक्षित माणसे त्यापायी नऊ वर्षांच्या मुलाला शिकवण्यांमागून शिकवण्यांना जुंपतात, याचा मला मनस्वी खेद होतो. मेरीलंडमधील माँटगोमेरी कौंटीने गेल्या दशकात चालविलेली व्यवस्था पाहा. तेथील प्रगत वर्गातली मुले चौथी व पाचवी या दोन वर्षांत तीन इयत्तांचे गणित संपवून सातवीत अल्जिब्रा-१ घेत. परंतु जे मूल पाचवीपर्यंत सामान्य वर्गातच होते, त्यालाही पुढील तीन इयत्तांचा अभ्यास सहावी-सातवीत एकवटून करण्याची आणि आठवीत अल्जिब्रा-१ गाठण्याची तजवीज होती. आठवीत अल्जिब्रा-१, नववीत भूमिती, दहावीत अल्जिब्रा-२, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस! मग चौथीत बंद झाला तो दरवाजा कोणता? टेक्सासने तर २०२३ साली कायदाच केला की, पाचवीच्या परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलांची नावे सहावीच्या प्रगत गणितात आपोआप दाखल व्हावीत.

एवढ्यानेही ज्यांची खात्री पटत नाही, त्यांनी २०१० च्या कॉमन कोअर या शालेय अभ्यासक्रमाच्या मानकांचे परिशिष्ट उघडावे. सातवीपूर्वी अभ्यासक्रम एकवटू नये अशी शिफारस आणि मुलांना फार लवकर शीघ्र मार्गावर घालणे कटाक्षाने टाळावे अशी ताकीद तेथे आहे. गणिताच्या प्राध्यापकांच्या व शिक्षकांच्या अशा दोन राष्ट्रीय संस्थांनी २०१२ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितले की, बारावीपर्यंत कॅल्क्युलस उरकणे हे शालेय गणिताचे अंतिम ध्येय नसून पक्का पाया घालणे हे आहे.

सामान्य वर्ग मंद मुलांचा, हाही असाच एक अपसमज. कॉमन कोअरप्रमाणे भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पाचवीच्या सामान्य वर्गातच शिकवतात, आणि ती तशीच का करायची हे ज्याला उमगले, त्याचे पुढील बीजगणित सुकर होते. प्रगत वर्गात निराळेच गणित असते म्हणावे, तर बहुतेक ठिकाणी पुढच्या इयत्तेचेच गणित आधी आणलेले असते. देशभर नियम एकच, असेही नाही. राज्यागणिक, किंबहुना जिल्ह्यागणिक तो बदलतो. म्हणून शिक्षकांना भेटाल तेव्हा चौथीच्या यादीची कैफियत मांडीत बसू नका. सहावीच्या प्रगत वर्गात प्रवेश कोणत्या निकषांवर मिळतो आणि त्यासाठी अर्ज कधी करायचा, हे विचारून घ्या.