सिस्टरची नाइट

दुपारी दोन ते चार ही आमच्या लालबागच्या चाळीतल्या बायकांची हक्काची वेळ. भांडी आवरलेली असतात, पोरं शाळा-क्लासला असतात आणि पुरुष मंडळी कामावर. बचत गटाचे हिशेब आटपले की कुणाच्या तरी खोलीत टीव्ही लागतो. रात्री बघितलेल्याच मालिका दुपारी परत बघायच्या, त्यातल्या सासूला नावं ठेवायची आणि उद्या पुन्हा तीच मालिका लावायची, असा आमचा नेम!

गेल्या पावसाळ्यात मात्र हा नेम मोडला. भाचा आला होता, त्याने टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि म्हणाला, "मामी, त्या सासू-सुना पुरे आता. हे बघ." ती होती 'मुंबई डायरीज'. निखिल अडवाणी यांची ही हिंदी मालिका. पहिला भाग सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला, दुसरा ऑक्टोबर २०२३ मध्ये. मोहित रैना, कोंकणा सेन शर्मा आणि आपली मृण्मयी देशपांडे त्यात आहेत. २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र एका सरकारी इस्पितळातल्या डॉक्टर-नर्सच्या नजरेने दाखवली आहे. इस्पितळ काल्पनिक आहे, पण रात्र आपण सगळ्यांनी जगलेली.

आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एक सिस्टर राहतात. महापालिकेच्या इस्पितळात स्टाफ नर्स. त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, लहान पोरंही 'सिस्टरमावशी'च म्हणतात. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. म्हटलं, "या ना सिस्टर, तुमच्या लोकांचंच आहे." त्या आल्या, दाराजवळच पाट घेऊन बसल्या. बहुतेक पाच मिनिटांत उठून जाणार होत्या. पण आठही भाग आम्ही त्यांच्याबरोबर बघितले, त्यांच्या सुट्ट्या सांभाळून.

खरं सांगते, मालिकेपेक्षा त्यांच्याकडे बघण्यातच जास्त मजा होती. मोठे डॉक्टर तावातावाने बोलायला लागले की त्या हसायच्या. "एवढी गर्दी असताना इतकं भाषण कोण करतं गं? तेवढ्यात चार सलाइन लावून होतात." पण मृण्मयी आणि तिच्याबरोबरचे दोन शिकाऊ डॉक्टर नोकरीच्या पहिल्याच दिवशी रक्ताचा पूर बघून थिजतात, तिथे त्या एकदम गप्प झाल्या. कोंकणाने केलेली चित्रा नवऱ्याच्या छळातून बाहेर पडलेली बाई आहे. गोळीबार सुरू झाल्यावर तिची जुनी भीती उसळून येते आणि तरी ती पेशंटना सोडून जात नाही. ते बघून सिस्टर म्हणाल्या, "आम्हीपण घरातलं सगळं घेऊनच वॉर्डात जातो. फक्त दाराशी ठेवून आत शिरतो."

त्यांची तक्रार एकच होती. स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि लादी पुसणाऱ्या मावश्या अजून दिसायला हव्या होत्या. "पण सिस्टरला नुसतं 'यस डॉक्टर' म्हणायला उभं नाही केलं, हे बरं केलं," असंही म्हणाल्या.

मालिकेत शेवटी हल्लेखोर इस्पितळातच शिरतात. काहीजणींना ते अति वाटलं. तेव्हा मी त्यांना कामा इस्पितळाची आठवण करून दिली. सीएसटी स्टेशनवर गोळीबार करून कसाब आणि त्याचा साथीदार जवळच्याच कामा इस्पितळात शिरले होते. बायका-मुलांसाठी १८८६ पासून चालू असलेलं हे इस्पितळ. दोन पहारेकरी तिथे जागीच गेले. त्या रात्री प्रसूती वॉर्डात अंजली कुलथे या परिचारिका ड्यूटीवर होत्या. त्यांच्या ताब्यात वीस गर्भवती बायका. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावले आणि सगळ्यांना आतल्या छोट्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. अंधारात, भिंतीच्या आधाराने अंजलीताई तिला प्रसूतीच्या खोलीत घेऊन गेल्या आणि त्या गोळीबारात बाळ जन्मलं. पुढे कसाबला ओळखायला त्या न्यायालयात उभ्या राहिल्या, त्याही गणवेश घालून. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी हे सगळं सांगितलं. मालिका लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठं काय सुचणार?

आमच्या लहानपणी दूरदर्शनवर 'उडान' लागायची. कविता चौधरींची मालिका, त्यांच्याच पोलीस अधिकारी बहिणीवर, कांचन चौधरींवर बेतलेली. त्या पुढे उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. 'उडान' बघून आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना पोलीस व्हायचं होतं. म्हणून म्हणते, टीव्ही म्हणजे टाइमपास असं सरसकट म्हणू नये. काय बघतो त्याने फरक पडतो.

मला पडला. कसा, तेही सांगते.

काही वर्षांपूर्वी सासूबाई पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं. एका सरकारी दवाखान्यात आम्ही तासभर बाकड्यावर बसलो होतो. आमच्यामागून आलेल्यांना आत घेत होते. मी समाजकार्य करणारी बाई, गप्प कशी बसणार? नर्सला नको नको ते बोलले. ती काही न बोलता निघून गेली, त्याचा तर मला आणखीच राग आला.

हे मी सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, कॅज्युअल्टीत आधी आला तो आधी, असं नसतं. कोण जास्त सिरियस ते बघतात. जो ओरडतो तो श्वास तरी घेतोय. जो गप्प पडलाय, त्याच्याकडे आधी धावायचं." सासूबाई तेव्हा चांगल्याच ओरडत होत्या!

मग आम्ही मालिकेचा दुसरा भाग लावला. त्यात मुंबईवर धो धो पाऊस कोसळतो, शहर पाण्याखाली जातं. मला २६ जुलै २००५ आठवला. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मी लग्न होऊन लालबागला नुकतीच आले होते. सिस्टर सकाळी ड्यूटीवर गेल्या त्या दोन दिवस परतल्याच नाहीत. पुढच्या पाळीच्या नर्स पाण्यात अडकलेल्या, मग वॉर्ड सोडणार कुणावर? त्यांचे यजमान ऑफिसात अडकले होते. सहा-सात वर्षांची त्यांची मुलगी दोन रात्री माझ्याकडे होती. तिला जेवू घातलं, झोपवलं. आणि ती झोपलीय असं समजून शेजारणीला म्हणाले, "आई असून लेकराची काळजी नाही. कशाला हवी असली नोकरी?"

ती झोपलेली नव्हती.

वीस वर्षांनी ती मुलगी त्या दुपारी आमच्यात बसली होती. आता बँकेत नोकरीला आहे. मालिकेतल्या पाण्याकडे बघत हळूच म्हणाली, "काकू, तुमचं ते बोलणं ऐकून मला कितीतरी दिवस वाटायचं, आई मुद्दामच आली नाही." माझी मान वर होईना. सिस्टरना मी म्हटलं, "चुकले हो मी." त्या उठता उठता म्हणाल्या, "पोरीला दोन दिवस जेवू घातलंस ना? त्याच भरवशावर मी तिथे उभी होते." बास, एवढंच. चहाचे कप उचलून त्या मोरीकडे गेल्या.

मैत्रिणींनो, असे घरदार सोडून धावणारे आपल्या प्रत्येकीच्या गावात आहेत. आपल्याला ते संकट आल्यावरच दिसतात. काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. ९ मे २०१५ च्या त्या आगीत अग्निशमन दलाचे चार अधिकारी आपण गमावले, दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यातलेच. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत बोटीचा स्फोट झाला, तेव्हा ६६ जवान गेले. म्हणून त्या तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपल्या घरी मात्र १४ एप्रिलला त्यांची आठवण किती जणींना होते?

आणि आपल्याला करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, तिच्यात डॉक्टर असतो. नंबर घरात सगळ्यांना पाठ हवा. फोन केलात तर आधी गाव, मग देवळाची किंवा शाळेची खूण, मग पेशंटला काय झालंय ते सांगा. फोन चालू ठेवा. एकाने रस्त्याच्या तोंडाशी उभं राहा. दवाखान्यात सिस्टरशी एकानेच बोला, दहा जणांनी नाही. रस्त्यावरच्या जखमीला उचलायला भिऊ नका. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे. आणि तुमच्या शेजारची नर्स, पोलीस शिपाई, ड्रायव्हर नाइटला गेले, तर त्यांच्या पोरांकडे एक वाटी भाजी जाऊ द्या.

यंदा गणपतीत सिस्टरची पुन्हा नाइट लागली. इथे लालबागला पाऊल ठेवायला जागा नव्हती, त्या मात्र गर्दीतून वाट काढत ड्यूटीला निघाल्या होत्या. मी जिन्यात गाठून हातात डबा दिला. एकवीस मोदक होते, वॉर्डातल्या मामा-मावश्यांनाही पुरतील इतके. कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "कशाला गं एवढं?"

म्हटलं, "एवढी नोकरी करता म्हणून."