ठाण्यातून चीनला गेलेल्या अस्थी

मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं, युरोपातल्या संतांच्या अस्थींबद्दल एवढं बोलता, आपल्याकडे असं काही घडलं का? घडलं. इथंच, ठाण्यात.

साल १३२१. अंमल दिल्लीच्या सुलतानाचा. चार फ्रान्सिस्कन जोगी होर्मुझहून जहाजात बसले. जायचं होतं कोल्लमला, तिथून पुढे चीनला. जहाजानं आणून सोडलं ठाण्याला. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा, म्हणजे जॉर्जियातला दिमित्री. उतरले एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे. आता बघा, घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं हात उगारला, बाई थेट काझीकडे गेली. साक्षीदार कोण? हे पाहुणे. साक्षीला गेले आणि प्रकरण धर्माच्या वादावर घसरलं. एप्रिलात तिघांना मारलं. पीटर सामान राखायला घरी थांबला होता. त्याला नंतर मारलं.

त्यांच्यासोबत आलेला जॉर्डन नावाचा डॉमिनिकन तेव्हा बाहेरगावी होता. त्यानं एका जिनोई तरुणाच्या मदतीनं देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. मग ओडोरिक हा इटालियन प्रवासी आला, त्यानं अस्थी उकरून काढल्या आणि जहाजानं घेऊन निघाला.

आपल्याला हे कळतं ते जॉर्डनच्या पत्रांतून आणि ओडोरिकनं १३३० मध्ये सांगून लिहवलेल्या प्रवासवर्णनातून. जॉर्डनच्या कानावर घटना ताजी असताना आली, ओडोरिकनं ती मागाहून ऐकली. म्हणून माझा भर जॉर्डनवर जास्त. पण ओडोरिकला सोडूनही चालत नाही. जेम्स आगीतून सुखरूप बाहेर आला, हे तुम्ही श्रद्धेनं घ्या किंवा सोडून द्या. तोच माणूस लिहितो की ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर आहेत आणि मांजरं त्यांच्यापुढे हात टेकतात! घूस पाहिलेला कुठलाही ठाणेकर याची साक्ष देईल.

जहाजाचा प्रसंगही तसाच. वारा पडला. मूर्तिपूजकांनी आपल्या देवांना साकडं घातलं, मग मुसलमानांनी दुवा मागितली, मग ओडोरिकची पाळी. वारा येईना. अस्थी समुद्रात फेकू, अशी धमकी आली. त्यानं नोकराकडून गुपचूप एक हाड पाण्यात टाकवलं, आणि वारा सुटला. चमत्काराचं राहू द्या. पण एकाच जहाजावर तीन धर्मांनी आळीपाळीनं वारा मागायचा, हे मला अगदी खरं वाटतं. आणि एक हाड कमी झालं, हे तो स्वतःच कबूल करतो!

बाकीच्या अस्थी पोचल्या चीनमधल्या झैतूनला, आजच्या च्वानचौला, तिथल्या फ्रान्सिस्कन मठात. थॉमसचं शीर पुढे तोलेंतिनोला गेलं. १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्याला 'धन्य' घोषित केलं.

नेल्या का, असंही कुणी विचारेल. अस्थींना राखणदार लागतो. त्याच सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये स्तूप खणला, तेव्हा पेटीत पेटी, आत सोन्याची डबी आणि त्यात मातीच्या भांड्याचे तुकडे निघाले. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असं त्यांनी मानलं. ते शतकानुशतकं जागचे हलले नव्हते, कारण वर विटांचा डोंगर होता. या चौघांवर तसलं काहीच नव्हतं. मासुंदा तलावाकाठचं चर्च दिसतं ना, ते बरंच नंतरचं, पोर्तुगीज काळातलं.