बेकाराचे पाय कुठे अडतात?

“ज्याला काम करायचे आहे त्याला काम मिळतेच,” हे वाक्य आपल्या शहरात मी इतक्यांदा ऐकले आहे की, आता त्याचा रागही येत नाही. बोलणारा मनाने वाईट नसतो. त्याला समोर पारावर बसलेला तरुण दिसतो. पारावर येण्यापूर्वी तो कुठे कुठे जाऊन आला, ते दिसत नाही.

भामरागडकडचा एक मुलगा चंद्रपुरास काम शोधायला निघाला असे समजा. वाट दीडशे किलोमीटरांहून अधिक. जाण्यायेण्याचे भाडे, खानावळ, मुक्काम, फोटो, कागदांच्या झेरॉक्स प्रती; शिवाय दोन दिवसांची मजुरी बुडते ती निराळीच. एवढे करून फाटकावरचा माणूस म्हणतो, “पुढच्या आठवड्यात ये.” पुढच्या आठवड्यात तो आला नाही की आपण म्हणतो, पोराला गरज नाही. गरज वाढलेलीच असते. संपलेले असतात ते भाड्याचे पैसे. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा येथे, शहराच्या मध्यापासून लांब राहणाऱ्या काही बेकार तरुणांना नुसते बसभाडे देऊन पाहिले. उपदेश कुणीच केला नाही. भाडे मिळालेले तरुण इतरांपेक्षा अधिक नेटाने काम शोधत राहिले, आणि निदान पहिल्या काही महिन्यांत कायमची नोकरीही त्यांच्यातल्या अधिकांना लागली.

पण भाडे हाती असूनही पाय उचलत नाहीत, अशी एक अवस्था येते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने कंत्राटी माणसे कमी केली. पहिला महिनाभर ती दाढी करून, धुतलेला सदरा घालून रोज सकाळी युनियनच्या कचेरीत येत. सहाव्या महिन्यात दोघे-तिघेच उरले. न येणाऱ्यांपैकी एकाला मी चारचौघांत आळशी म्हणालो. तो शांतपणे बोलला, “भाऊ, ‘नाही’ आयकाले बी ताकद लागते.” ते बोलणे मला अजून टोचते.

पुढे मारिएनथालची हकीकत वाचनात आली. व्हिएन्नाजवळचे हे गिरणीचे गाव. गिरणी 1929-30 च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. ग्रंथ 1933 साली निघाला. रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चालसुद्धा त्यांनी घड्याळ लावून मोजली. पुरुष रेंगाळत, वारंवार थांबत. बायका भराभर चालत, कारण घरचे काम त्यांना सुटलेले नव्हते. मी शाळा लवकर सोडलेला माणूस, शिकलो तो वाचनालयात; म्हणून त्यातली एक गोष्ट मला फार लागली. वेळ मुबलक असूनही गावच्या वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले होते. आशा आटते तेव्हा नोकरीचा शोध तेवढा कसा टिकेल?

आपल्या जंगल भागात हंगामाचाही हिशेब असतो. मार्च-एप्रिलात मोह, पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या दिवसांत नोकरी धुंडाळायला शहरात येणारा मनुष्य वेडाच म्हणायचा! पानांचा रोकडा पैसा सोडून अनिश्चित फाटकावर कोण उभा राहील?

आता, घरात धान्य असले की लोक काम शोधत नाहीत, हा आक्षेप. त्यात थोडे तथ्य आहे. ज्या देशांत बेकारभत्ता मिळतो तिथे तो संपत आला की शोधाला जोर चढतो, असे आढळले आहे. पण पोट भरलेला माणूस मिळेल त्या कामाला मान न देता आपल्या कसबाचे काम पाहतो, हेही तितकेच खरे. आणि आळसच म्हणाल तर 1972-73 चा दुष्काळ आठवा. महाराष्ट्रात लाखो माणसे, त्यांत बायका पुष्कळ, उन्हात खडी फोडायला आली. काम गावाजवळ आले होते, शोधावे लागत नव्हते. त्याच सुमारास सुरू झालेल्या रोजगार हमीचा पुढे 1977 साली कायदा झाला.

कचेरीत मला उत्तर देणाऱ्या त्या माणसाला नंतर काम लागले, ते बल्लारपुरात. तिथे जागा निघाल्याची कुठे पाटी लागली नव्हती. पूर्वी सोबत राबलेला एक फिटर आता तिथे होता, त्याने निरोप धाडला. गाडीभाडे आम्ही कचेरीतल्यांनी वर्गणी करून दिले, आणि वहीत ते ‘किरकोळ’ म्हणून लिहिले.