फोनचे कान आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड

चेन्नईच्या सौकारपेटेत मिंट स्ट्रीटमागच्या बोळांतून जाताना ॲसिडचा वास आला की समजावं, इथं कुठंतरी गलाईचं दुकान आहे आणि आत मराठी बोललं जातंय. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं जुनं सोनं गाळून चोख करण्याच्या या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. अशाच एका ओळखीच्या दुकानात चहा घेताना शेठ म्हणाले, "ताई, फोन सगळं ऐकतोय बघा. सकाळी भाच्याला म्हणलं, करंटवरची भट्टी घेऊया. संध्याकाळी माझ्या मोबाईलवर भट्टीचीच जाहिरात!"

हा समज सगळीकडेच आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७,२६० अँड्रॉइड ॲप्स तपासली. चोरून माईक चालू करून बोलणं बाहेर धाडणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. मात्र स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण तिसऱ्याच कंपनीला पाठवणारं ॲप सापडलं, आणि त्याची भीती कुणालाच वाटत नव्हती. कानाचा संशय अगदीच निराधार आहे असंही नाही. घरातला स्मार्ट स्पीकर त्याचं नाव ऐकू येण्याची वाटच पाहत असतो आणि कधीकधी भलत्याच शब्दाला ओ देतो. असं रेकॉर्ड झालेलं काही बोलणं कंपन्यांची माणसं ऐकतात, हे २०१९ मध्ये उघड झालं होतं.

भट्टीचं कोडं भाच्याला विचारल्यावर सुटलं. दुपारी त्यानं दुकानाच्याच वायफायवरून भट्ट्यांचे भाव पाहिले होते. एका जोडणीवरचे फोन एकाच गोतावळ्यातले, एवढा हिशेब जाहिरातवाल्याला कळतो. त्याला कान लावायची गरजच पडली नसावी.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. फोनला घाबरणाऱ्या शेठच्या डोक्यावर चार कॅमेरे होते. एक दारावर, एक भट्टीवर, एक गल्ल्याच्या बाजूला, एक काट्यावर. त्या कॅमेऱ्यांची काळजी शेठना शून्य. "ते आपलेच आहेत की!"

चेन्नईत हा भरवसा जरा जास्तच आहे. ए. के. विश्वनाथन पोलिस आयुक्त असताना शहरात 'मून्ड्रावदु कण', म्हणजे तिसरा डोळा, या मोहिमेनं जोर धरला. दुकानदारांनी, वसाहतींनी स्वतःच्या पैशानं कॅमेरे लावावेत, असा पोलिसांचा आग्रह होता. पुढं सर्फशार्क या कंपनीनं जगातल्या शहरांची मोजदाद केली, तेव्हा दर चौरस किलोमीटरला सुमारे ६५७ कॅमेरे धरून चेन्नईला पहिला नंबर दिला. हे सगळे डोळे सरकारचे, असं बाहेरच्यांना वाटतं. त्यातले कितीतरी अशा दुकानांचे, घरांचे आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत हे मालकालाही ठाऊक नसतं.

मी शेठना पासवर्ड विचारला. "बसवणाऱ्या पोरानं दिलाय, तोच आहे." तो पोरगा काम सोडून गेला त्याला तीन वर्षं झाली. त्यानं कारखान्यातून आलेलाच ठेवला असेल, तर तसा पासवर्ड कंपनीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे जगजाहीर. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्यानं अशाच साठेक ठरावीक पासवर्डांच्या यादीवर लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट्स काही तास बंद पाडल्या. आपल्याकडं राजकोटच्या एका प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांतलं स्त्रियांच्या तपासणीचं चित्रण विकलं जात असल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी बंधनकारक झाली, हे खरं. भिंतीवर आधीच लटकलेल्यांचं काय, ते मालकानं पाहायचं.

सोनं मोडायला आलेल्या माणसाचं आधार आणि पॅन शेठ व्हॉट्सॲपवर मागवतात. ते कुलूपबंद असतं म्हणून. मजकूर कुलूपबंद असतोच. पण कुणी, कुणाला, कधी पाठवला ही नोंद वेगळी, आणि फोनचा बॅकअप आपण स्वतः कुलूप निवडलं नाही तर तसाच उघडा ठेवला जातो. या कुलपाचा वाद मद्रास उच्च न्यायालयातही रंगला होता. समाजमाध्यमांची खाती आधारला जोडावीत, अशी याचिका तिथं २०१८ मध्ये दाखल झाली आणि चर्चा हळूहळू निरोपाचा मूळ धनी शोधण्याकडे वळली. प्रत्येक निरोपासोबत पहिल्या पाठवणाऱ्याची ओळख जोडता येईल, असं आयआयटी मद्रासचे प्रा. कामकोटी यांनी सुचवलं. ती ओळख खोटीही घालता येईल, असा आक्षेप आयआयटी मुंबईच्या प्रा. मनोज प्रभाकरन यांनी घेतला. मला प्रभाकरन यांचं पटतं. चोर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावूनच फिरणार.

"पण आपल्याकडं लपवण्यासारखं आहे काय?" हे शेठ मोठ्या विश्वासानं म्हणाले. चेन्नईतच मुख्यालय असलेल्या स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांचे कागद सप्टेंबर २०२४ मध्ये टेलिग्रामवर मागेल त्याला मिळत होते. पत्ते, ओळखपत्रं, तपासण्यांचे अहवाल. ३ कोटी १० लाख ग्राहकांची माहिती आपल्याकडं असल्याचा दावा हॅकरनं केला, आणि कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली. त्या ग्राहकांनी ना भलतं ॲप घेतलं होतं, ना कुणाला ओटीपी सांगितला होता. दवाखान्याचं बिल भरून मिळावं म्हणून त्यांनी कागद दिले होते, इतकंच.

आता कायदा आलाय म्हणून नुकसानभरपाई मिळेल, असं भाचा म्हणाला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची. दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याचा कागद फुटला त्याच्या हाती त्यातला रुपयाही येत नाही.

आणि खासगीपणा हे मोबाईलबरोबर आलेलं शहरी खूळ आहे, हा समज तर या गावात टिकूच नये. नव्वदच्या दशकात तिरुवान्मियूरच्या ऑटो शंकर नावाच्या खुन्यानं तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं. त्यात बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या लागेबांध्यांच्या गोष्टी होत्या. ते छापू नये म्हणून 'नक्कीरन' साप्ताहिकावर दबाव आला. संपादक राजगोपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. माणसाला एकटं राहू देण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्येच आहे, असं न्यायालयानं १९९४ मध्ये सांगितलं. त्याच दमात साप्ताहिकालाही मोकळीक दिली: सार्वजनिक नोंदींत जे आहे ते छापा, त्याला परवानगी लागत नाही. खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा नऊ न्यायाधीशांचा पुट्टस्वामी निकाल त्यानंतर २३ वर्षांनी आला.

शेठनी एवढं सगळं ऐकून घेतलं आणि भाच्याला हाक मारली. दोघांनी मिळून पासवर्ड बदलला. बारा अक्षरं, मध्ये आकडे, शेवटी एक चिन्ह. विसरायला नको म्हणून शेठनी तो लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहून ठेवला, काट्यावरच्या कॅमेऱ्याच्या अगदी समोर.