नवरीच्या खोलीतला कॅमेरा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा मराठवाड्यातला कुठलाही लग्नाचा अल्बम उघडा. हळद, अंतरपाट, सप्तपदी, पंगत आणि मग आहेर देऊन स्टेजवर उभ्या राहिलेल्या पाहुण्यांची पानंच्या पानं. नवरीला न्हाऊ घातलं, खोपा घातला, मुंडावळ्या बांधल्या, ते दोन-तीन तास मात्र त्यात बहुधा नसतात. एका रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे प्रत्येक फोटो मोजून काढायचा. शिवाय फोटोग्राफर पुरुष आणि खोली बायकांची. दाराशी आला तर एखादी मावशी त्याला तिथूनच परत पाठवायची.

डिजिटल कॅमेऱ्याने पहिली अडचण संपवली. छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासच्या लॉन्सवर लग्नाचं काम घेणारे फोटोग्राफर आता ‘गेटिंग रेडी’ हा भाग वेगळा धरतात. टांगून ठेवलेली पैठणी, नथ, मेंदीचे हात, आरशातला चेहरा असं सगळं त्यात येतं. दुसरी अडचण मात्र अजून तशीच आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

हा प्रश्न जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात आपलं शहर निजामाच्या राज्यात होतं. राजधानी हैदराबादेत लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे दरबारी छायाचित्रकार होते. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो काढायचे तर कॅमेऱ्यामागेही स्त्रीच हवी, हे त्यांनी ओळखलं. १८९२मध्ये त्यांनी खास जनाना स्टुडिओ उघडला आणि केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. आज पडदा नाही, पण साडी नेसताना, केस मोकळे असताना, आईच्या गळ्यात पडून रडताना समोर कोण असावं, हा मुलीचा अधिकार तेवढाच खरा आहे. शहरात आता मुलीही हे काम करू लागल्या आहेत. तरी फोटोग्राफर ठरवताना घरची मंडळी ड्रोन आणि अल्बमच्या पानांचा भाव करतात. आत कोण जाणार, हे कुणी विचारत नाही.

नटणाऱ्या स्त्रीचं चित्र या मुलखाला नवं नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हातात आरसा धरलेली राजकन्या आहे, जवळ दासी आहेत. ती आरशात बघते, आपल्याकडे बघत नाही, दासींचं लक्ष तिच्याकडे. पाहणाऱ्याला कुणी जागा करून दिलेली नाही, म्हणून ते चित्र खरं वाटतं. आज आईला तीच नथ रीलसाठी चार-चार वेळा घालायला लावतात, तेव्हा हातातली माया निघून जाते आणि फक्त हालचाल उरते. हे मला मनापासून खटकतं. नथ एकदाच घातली जावी, फोटोग्राफरने तेव्हा तयार असावं.

तयार असणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. मे महिना, मुहूर्त दुपारचा साडेबाराचा, कूलरचा घरघराट, पलंगावर बॅगांचा ढीग आणि खोलीत दहा-पंधरा बायका. वर ट्यूबलाइट, आरशाभोवती पिवळे बल्ब, म्हणजे एका गालावर हिरवट झाक, दुसऱ्यावर पिवळी, आणि दोन्ही एकदम सुधारेल असं सेटिंग कॅमेऱ्यात नाही. जाणते फोटोग्राफर आधी दिवे बंद करायला सांगतात, नवरीला खिडकीच्या बाजूला आडवं बसवतात, ऊन थेट येत असेल तर पातळ पडदा ओढतात. जर आणि सोनं पांढरं पडू नये म्हणून प्रकाश थोडा कमी घेतात. आरशासमोर फ्लॅश मारत नाहीत. पण खिडकीच नसेल तर? कितीतरी कार्यालयांत स्टेजवर लाखोंची सजावट असते आणि नवरीची खोली म्हणजे कोंदट कोठी. तयारीला उशीर झाला, की मेकअप करणारी आणि फोटोग्राफर यांची ओढाताण सुरू होते. तेवढ्यात गुरुजींचा निरोप येतो आणि मुलगी गौरीहराशी जाऊन बसते. तिथून पुढे मामा तिला बोहल्यावर नेईपर्यंत तरी तिला एकटीला राहू द्यावं, अगदी जवळ जाऊन लेन्स रोखू नये.

नवरदेवाच्या वाट्याला या सगळ्यात पाच मिनिटं येतात. बूट, घड्याळ, गुंडी, झालं. खरं तर फेटा बांधणारे काका, गालाला तीट लावणारी आजी, मारुतीच्या दर्शनाला निघण्याआधीची धांदल, त्या खोलीतही पाहण्यासारखं पुष्कळ असतं. दोघांच्या तयारीला सारखा वेळ देणारा अल्बम अजून क्वचितच दिसतो.

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतील. कार्यालय बघायला जाल तेव्हा स्टेज आणि पार्किंगच्या आधी नवरीची खोली उघडून बघा, खिडकी आहे का ते पाहा. आणि फोटोग्राफरला बयाणा देण्यापूर्वी आत कोण येणार, कुठले फोटो इन्स्टाग्रामवर जाणार, हे मुलीला विचारून कागदावर लिहून घ्या.