कोनची घरं आणि मदतीचा हिशेब

"आमच्या घरात आमच्याआधी करोना राहून गेला, पोरी." लालबागच्या एका चाळीत निवृत्त गिरणी कामगार काका असं म्हणाले तेव्हा मी आले होते दुसऱ्याच कामाला. १९८२च्या संपावर त्यांच्याशी बोलायचं होतं. पण त्यानंतर तासभर ते पनवेलजवळच्या कोनबद्दल बोलत राहिले आणि एकच आकडा पुन्हा पुन्हा सांगत राहिले, दोन हजार चारशे सतरा. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत पनवेलच्या गाडीत बसले. करोनाकाळातला मदतीचा पैसा दिल्लीहून निघून पनवेलसारख्या शहरात कसा खर्च झाला, हे मला समजून घ्यायचं होतं. त्या हिशेबात काकांचं घर कुठे बसतं, हेही बघायचं होतं.

पळस्पे फाटा ओलांडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुढे गेलं की कोन लागतं. महापालिकेच्या हद्दीबाहेरचं, ग्रामपंचायतीचं गाव. भातखाचरांच्या कडेला उंच इमारतींचा पुंजका उभा आहे आणि रिक्षावाले त्याला अजूनही 'इंडिया बुल्स' म्हणतात. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतली ही घरं. मुळात १६० चौरस फुटांच्या खोल्या होत्या. दोन खोल्या एकत्र करून ३२० चौरस फुटांचं एक घर झालं, किंमत ठरली सहा लाख. २ डिसेंबर २०१६ रोजी म्हाडाने गिरणी कामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत काढली. काकांचं नाव लागलं. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीचं फाटक त्यांच्यासाठी बंद झालं, त्याला तेव्हा जवळपास पस्तीस वर्षं होत आली होती.

पात्रता, कागदपत्रं, पैसे भरणं यात सव्वातीन वर्षं गेली. मग २०२०चा मार्च उजाडला. जिल्हा प्रशासनाने रिकाम्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या. पनवेल शहरातली आणि तालुक्यातली माणसं रुग्णवाहिकेतून, बसमधून इथे आणली जाऊ लागली. दाटीवाटीच्या वस्तीत एका खोलीत सहा-सात माणसं राहत असताना बाधिताच्या घरच्यांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न खरा होता. स्वतंत्र संडास-बाथरूम असलेली शेकडो घरं एका जागी रिकामी मिळणं त्या दिवसांत मोठा आधार होता. इथे ठेवलेली माणसं घरी परतली, त्यांच्या घरातले म्हातारे वाचले. हे काकाही मान्य करतात. "द्यायला ना नव्हती," ते म्हणाले. "विचारलं असतं तरी दिली असती."

त्या काळात सरकारी लेखा शाखेत काम केलेल्या एक बाई मला पनवेलमध्ये भेटल्या. ऑफिसात त्यांना सगळे मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. हिशेब शिकवायचा म्हणून त्यांनी वहीत एक नमुना काढून दाखवला. डावीकडे तारीख, मग इमारत, मजला, दाखल माणसं, घरी सोडलेली माणसं. त्यापुढे सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, पाण्याच्या बाटल्या, चादरी, साबण. शेवटी केंद्रावरच्या माणसाची सही. पुरवठादाराचं बिल या तक्त्याशी जुळलं तरच पुढे सरकायचं. एका रात्री बारा माणसं घरी गेली आणि जेवण मात्र आधीच्याच संख्येने आलं, तर त्या बारा ताटांचं काय करायचं? मॅडम फोन लावायच्या, तक्ता परत पाठवायच्या, पुन्हा मागवायच्या. "लोक म्हणायचे, माणसं मरतायत आणि तुम्ही ताटं मोजताय. पण ताटं मोजली नाहीत तर पुढच्या महिन्याचा स्वयंपाक थांबतो."

विलगीकरण केंद्रावरून आलेल्या कागदांना हायपोक्लोराइटचा वास यायचा, हे त्यांनी सहज सांगितलं. कागद आधी फवारून, दोन दिवस खोक्यात ठेवून मगच टेबलावर यायचे. फवाऱ्याने शाई फुटायची आणि आठाचा तीन झालाय का, हे भिंगातून पाहावं लागायचं. घरी गेल्यावर हात धुतले तरी तो वास बोटांना राहायचा आणि त्यांची मुलगी जवळ यायला घाबरायची. हे सांगताना त्यांनी नकळत बोटं पदराला पुसली. दिल्लीत कोटींमध्ये मोजलेली मदत शेवटी अशा एका बाईच्या बोटांखालून गेली, हे माझ्या मनातून जात नाही.

हा पैसा यायचा कसा? १४ मार्च २०२० रोजी केंद्राने करोनाला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीपुरता आपत्तीचा दर्जा दिला. या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. ३ एप्रिलला केंद्राने आपल्या वाट्याचा पहिला हप्ता आगाऊ सोडला, त्यात महाराष्ट्राला १,६११ कोटी रुपये मिळाले. पैसा राज्याच्या तिजोरीत आला की मदत व पुनर्वसन विभाग, तिथून जिल्हाधिकारी, तिथून महापालिका, रुग्णालयं, तहसील. प्रत्येक पायरीवर मागणी, मंजुरी, वितरणाचा आदेश आणि खर्चानंतर उपयोगिता प्रमाणपत्र. मॅडम याला "वरून खाली पैसा, खालून वर कागद" म्हणतात.

खर्च कशावर करता येईल, हे केंद्राने नेमकं लिहून दिलं होतं. विलगीकरणात ठेवलेल्यांचा तात्पुरता निवारा, अन्न, कपडे, औषधोपचार. नमुने घेण्याचं साहित्य. तपासणी प्रयोगशाळा, पीपीई किट, थर्मल स्कॅनर, व्हेंटिलेटर. मृताच्या वारसाला चार लाख, अशी एक ओळही १४ मार्चच्या आदेशात होती. त्याच दिवशी सुधारित आदेश निघाला आणि ती ओळ गेली. शिवाय या सगळ्या खर्चाला वर्षाच्या निधीच्या ३५ टक्क्यांची मर्यादा होती, कारण त्याच निधीतून पूर आणि दुष्काळही भागवायचे होते. सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांनी सर्वाधिक बाधित सात राज्यांच्या मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली, त्यात महाराष्ट्र होता. तेव्हा ती मर्यादा ५० टक्क्यांवर नेली गेली.

महापालिकेचा रोजचा कारभार मात्र असा वाट पाहू शकत नव्हता. बिलं आज, निधी पुढच्या महिन्यात. मग पालिका आपल्या पैशातून खर्च करायची आणि प्रतिपूर्ती मागायची. निविदेला वेळ नसेल तर आयुक्त महापालिका अधिनियमाच्या ६७व्या कलमातला तातडीचा अधिकार वापरायचे आणि नंतर सभेची कार्योत्तर मंजुरी घ्यायचे. 'कार्योत्तर' या शब्दाची बाहेर फार बदनामी झाली आणि काही ठिकाणी ती योग्यही असेल. पण मॅडमच्या टेबलाशी बसल्यावर मला पटलं की त्या काळात नियमाच्या पुढे धावून मागाहून कागद पुरा करणाऱ्यांनी जीव वाचवले. त्यांनी प्रत्येक ताट मोजून ठेवलं म्हणूनच आज त्यांना जाबही विचारता येतो.

मॅडमना मी काकांचा प्रश्न विचारला. साथ ओसरली, माणसं गेली. मग घर पूर्वीसारखं करून द्यायचा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली? त्यांनी वही मिटली नाही. नमुन्याचे सगळे रकाने पेनाने एकेक करून दाखवले. "यात नाही," त्या म्हणाल्या. "निवारा द्यायला पैसा आहे. निवारा परत करायला नाही."

साथ ओसरल्यावर काका इमारत बघून आले होते. नळ गायब, दारं निखळलेली, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, भिंतींना ओल. एका घरात बेसिनच नव्हतं, नुसती पाइपची तोंडं. त्यांच्यासोबत आलेले दुसरे कामगार बाहेर येऊन जिन्यात बसले आणि बोलेनात. त्यांच्यातल्या काहींनी कर्ज काढून सहा लाख भरले होते आणि हप्ते सुरू झाले होते. दुरुस्ती कोणी करायची आणि पैसे कोणी द्यायचे, यावर म्हाडा आणि एमएमआरडीए यांच्यात पत्रव्यवहार चालला. घरं बांधून घेतली एकाने, सोडत काढली दुसऱ्याने, वापरली तिसऱ्याने. चाव्या हाती यायला सोडतीपासून सहा-सात वर्षं गेली, काहींना त्याहून जास्त. "दोन हजार चारशे सतरा," काका म्हणाले, "त्यातले किती चावी न बघता गेले, ते कोणी मोजलंय?"

परत आल्यावर मी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ काढून बसले. ६५वं कलम प्रशासनाला आपत्तीत जागा ताब्यात घेण्याचा अधिकार देतं. ६६वं कलम भरपाईचं. भरपाई ठरवताना बघायच्या गोष्टी तिथे दिल्या आहेत: त्या जागेचं किंवा तशाच जागेचं परिसरातलं भाडं आणि जागा सोडावी लागली तर त्यापायी झालेला वाजवी खर्च. ही भरपाई कोणाला? जागा घेतली त्याच्या लगेच आधी प्रत्यक्ष ताबा ज्याचा होता त्याला. ताबा कोणाचाच नसेल तर मालकाला. मी ते वाक्य दोनदा वाचलं. काकांचं सोडतीत नाव होतं, पण ताबा नव्हता आणि मालकीही अजून झाली नव्हती. ज्या माणसाचं सगळ्यात जास्त अडलं, तो कायद्याच्या व्याख्येतच बसत नव्हता. निखळलेल्या दारांचा उल्लेखही त्या कलमात नाही.

हे अटळ होतं असं मला वाटत नाही, कारण त्याच निधीने उलटंही करून दाखवलं आहे. मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचं २०२१मध्ये ठरलं आणि ४ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आदेश दिला. मृत्यू दाखल्यावर करोना लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावर अर्ज फेटाळायचा नाही, हे न्यायालयाने बजावलं. बाधा निघाल्यापासून तीस दिवसांतला मृत्यू धरायचा, वाद असेल तर तक्रार निवारण समितीकडे जायचं, पैसा थेट वारसाच्या खात्यात. मॅडमच्या टेबलावर ते अर्जही आले. बायका लॅमिनेट केलेले रिपोर्ट घेऊन यायच्या, काहींकडे फक्त मोबाइलवरचा मेसेज असायचा. त्यातलेही बरेच मार्गी लागले. हक्कदार कोण, हे नियमात स्पष्ट लिहिलं होतं, म्हणून तिथे शेवटच्या माणसापर्यंत पैसा पोचला. कोनच्या २,४१७ जणांचा हक्क कुठेच लिहिलेला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं मॅडमच्या वहीपासून सुरू होतं. पुढच्या साथीत, पुरात किंवा भूकंपात प्रशासन पुन्हा जागा घेईल आणि घ्यायलाच हवी. पण घेण्याच्या दिवशी पंचनामा व्हावा: किती नळ, किती दारं, भिंती कशा, फोटोसह. परत देताना तोच पंचनामा पुन्हा व्हावा. दोन्हींतला फरक भरून काढण्याचा खर्च आपत्ती निधीच्या मान्य बाबींच्या यादीत लिहिलेला असावा, म्हणजे तो कोणत्या खात्याचा यावर वर्षं जाणार नाहीत. आणि भरपाईच्या व्याख्येत ताबा असलेल्या माणसासोबत आणि मालकासोबत वाटप झालेला पण ताबा न मिळालेला माणूसही यावा. आपल्या राज्यात सोडत लागून चावीची वाट पाहणारी माणसं केवळ गिरणी कामगारांतच नाहीत.

मॅडमना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी पहिल्या पंचनाम्याच्या वाक्यावर थांबवलं आणि एक दुरुस्ती सांगितली. त्या पंचनाम्यावर सही करायला ज्याला घर मिळणार आहे त्यालाही बोलवा, म्हणाल्या, नुसती अधिकाऱ्यांची सही नको. ती दुरुस्ती मी स्वीकारली आहे. घर घेताना सरकार दारात उभं असेल, तर त्याच दारात काकांसारख्या माणसालाही उभं राहायचा अधिकार असला पाहिजे.